मेर

गेल्या पावसाळ्यात भाचीने ऑस्ट्रेलियाहून एक फोटो पाठवला. ती टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात शिकते. फोटोत ग्रंथालयाची इमारत होती आणि तिच्यावर नाव होतं, एडी कोइकी माबो ग्रंथालय. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, हा माणूस याच विद्यापीठात माळी होता. कामातून वेळ मिळाला की ग्रंथालयात येऊन आपल्या लोकांबद्दल गोऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचायचा. तुला म्हणून सांगते, तो मेर नावाच्या बेटावरचा."

त्या शब्दाशी मी थांबले. आमच्याकडे, सिंधुदुर्गात, भाताच्या दोन कुणग्यांमधल्या बांधाला मेर म्हणतात. हातभर रुंद, चिखलाने लिंपलेली, खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेली. पावसात तिच्यावरून चालताना अंगठा रुतवून तोल सांभाळावा लागतो. आणि मेर म्हणजे हद्दसुद्धा. आपलं कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं ते सांगणारी मातीची रेघ. दोन भाषांतल्या या दोन शब्दांचा काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री मी वाचायला बसले, आणि पुढचे सहा-सात महिने एडी माबो आमच्या घरी राहायला आल्यासारखे होते.

मेर हे बेट ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या पूर्व टोकाला आहे. लांबी तीन किलोमीटरच्या आत. इंग्रजी नकाशांत त्याला मरी आयलंड म्हणतात. शेजारी दौआर आणि वायेर ही आणखी दोन छोटी बेटं. जुन्या ज्वालामुखीतून वर आलेली जमीन, म्हणून माती कसदार. केळी, कंद, नारळ भरपूर. किनाऱ्याला दगड रचून केलेली मोठी कुंपणं आहेत. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकून पडतात. बेटावरच्या प्रत्येक बागेला धनी आहे, किनाऱ्याच्या तुकड्यांना आहे, त्या दगडी कुंपणांनाही आहे. त्याच्या हद्दी एखादं झाड, एखादा खडक, जमिनीचा उतार यांवरून ओळखायच्या. मोठी माणसं पोराला बरोबर घेऊन फिरतात आणि दाखवतात, इथून इथपर्यंत आपलं.

हे वाचलं आणि मला आजोबा दिसले. मिरगाच्या आधी, उन्हं कलली की ते आम्हा नातवंडांना घेऊन सगळ्या मेरांवरून फिरायचे. वायंगणातला कुणगा, देवळाकडचा मळा, फणसाखालचा, भरडावरचा. प्रत्येक तुकड्याला नाव, आणि नाव चुकलं की परत पहिल्यापासून म्हणायला लावायचे. गट नंबर त्यांना पाठ नव्हते. ते तलाठ्याचं काम, म्हणायचे.

मेरच्या लोकांचा एक देव आहे, मालो. त्याचा कायदा त्यांच्या भाषेत असा म्हणतात: "मालो ताग मौकी मौकी, तेतेर मौकी मौकी." ताग म्हणजे हात, तेतेर म्हणजे पाय. मालो आपले हात आपल्यापाशी ठेवतो, आपले पाय दुसऱ्याच्या जागेकडे नेत नाही. याच कायद्यात ताऱ्यांचंही येतं. सेग आणि उसियाम हे तारकापुंज आपापल्या वाटेने जातात, एकाच्या वाटेत दुसरा शिरत नाही. ज्या गावाने बांध कोरण्यापायी पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या भावकी पाहिल्या आहेत, त्या गावच्या माणसाला हा देव लगेच कळतो. आपले हात आवरून धरणारा देव मी याआधी कुठे ऐकला नव्हता.

कोइकीचा जन्म २९ जून १९३६ चा, बेटावरच्या लास या वाडीतला. बापाचं आडनाव साम्बो. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई, पोइपे, वारली. तेव्हा तिच्या भावाने, बेनी माबो यांनी आणि त्यांच्या बायकोने, मायगा यांनी, ते तान्हं पोर आपल्या घरी नेलं. मामाने भाच्याला ओटीत घेतलं, असं आपण म्हणू. टॉरेसच्या बेटांवर ही रीत फार जुनी आहे. मूल ज्या घरी जातं त्या घरचं होतं, तिथलं नाव घेतं, तिथल्या बागा त्याच्याकडे येतात. कागद नाही, दप्तर नाही. मोठी माणसं जाणतात, एवढं पुरतं. कोइकी माबो असाच वाढला, बेनीच्या मागोमाग बागांतून हिंडत. शाळेत रॉबर्ट माइल्स नावाचे शिक्षक भेटले, त्यांच्याकडून इंग्रजी पक्कं झालं. पुढे आयुष्यभर ते इंग्रजी कामाला आलं.

सोळा-सतराव्या वर्षी दारू प्यायल्याच्या गुन्ह्यावरून बेटाच्या कोर्टाने त्यांना काही काळासाठी हद्दपार केलं. मग शिंपल्यांच्या होड्यांवर काम, मुख्य भूमीवर रेल्वेच्या रुळांवर काम, उसाच्या फडात ऊसतोडणी. १९५९ मध्ये त्यांनी बोनिटा नीहाऊशी लग्न केलं. बोनिटाचे पूर्वज क्वीन्सलँड या ऑस्ट्रेलियातल्या राज्यातल्या उसाच्या मळ्यांसाठी पॅसिफिकमधल्या बेटांवरून आणलेले मजूर. दहा मुलांचं घर झालं, त्यांतली तीन दत्तक. हा आकडा मी दोनदा तपासला. दत्तक आलेल्या माणसाने तीन मुलं दत्तक घेतली होती.

टाउन्सव्हिलला ते बंदरात काम करत, कामगार संघटनेत वावरत, आदिवासींच्या हक्कांच्या सभांत बोलत. १९६७ च्या सार्वमताने आदिवासींना देशाच्या जनगणनेत मोजण्याआड येणारं घटनेतलं कलम काढून टाकलं, त्या वेळच्या चळवळीत ते होते. १९७३ मध्ये त्यांनी आणि बोनिटांनी काही सोबत्यांसह काळ्या मुलांसाठी शाळा काढली, सुरुवातीला दहा मुलं. तिथे बेटांची भाषा, गाणी, नाच शिकवत. याच वर्षांत विद्यापीठात माळीकामही चालू होतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे. १९७४ च्या सुमाराची दुपार. विद्यापीठातले दोन इतिहासकार, हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस, आणि त्यांचा मित्र झालेला हा माळी, रेनॉल्ड्सच्या खोलीत जेवायला बसले होते. माबो मेरवरच्या आपल्या जमिनीबद्दल बोलत होते. कुठली बाग कुठे, कुठून कुठपर्यंत, परत गेल्यावर काय काय करायचं. दोघा प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. हे याला कोण सांगणार? शेवटी त्यांनी सांगितलं की ती जमीन कायद्याने तुझी नाही, ती सरकारची आहे. रेनॉल्ड्सनी पुढे अनेकदा ही आठवण सांगितली आहे. माबोंचा चेहरा पाहून त्यांना स्वतःलाच धक्का बसला होता. माबोंना ते खरंच वाटेना. ती आमची आहे, सरकारची कशी असेल?

कशी, ते सांगते. १८७९ मध्ये क्वीन्सलँडने ही बेटं आपल्या राज्याला जोडून घेतली. त्या क्षणापासून इंग्रजी कायद्याच्या हिशेबी तिथली इंच न्‌ इंच जमीन राजसत्तेची झाली. त्याच्या शंभरावर वर्षं आधी, १७७० मध्ये, कॅप्टन कुकने याच सामुद्रधुनीतल्या एका छोट्या बेटावर झेंडा रोवून ऑस्ट्रेलियाचा सगळा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे केला होता. पुढे त्यावर एक समजूत चढली की या भूमीला कुणी मालकच नव्हता. माणसं होती, पण त्यांच्याकडे जमिनीची मालकी म्हणावी अशी व्यवस्था नव्हती, असं धरून चाललेला कायदा. १९७१ मध्ये उत्तरेकडच्या योल्ङू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध कोर्टात दाद मागितली. त्यांची स्वतःची कायद्याची व्यवस्था आहे हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण त्या व्यवस्थेतून निघणारा जमिनीवरचा हक्क आपला कायदा ओळखत नाही म्हणून दावा फेटाळला.

म्हणजे मेरवर माणसं शंभर वर्षं आपापल्या बागा लावत होती, हद्दींवरून भांडत होती, बेटावरच्या कोर्टात तंटे सोडवत होती, मुलांना वाटण्या देत होती, आणि या सगळ्या काळात ब्रिस्बेनच्या, म्हणजे क्वीन्सलँडच्या राजधानीच्या, दप्तरात ते सगळे सरकारी जमिनीवर राहणारे होते. कुणी त्यांना तसं सांगितलंही नव्हतं. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते. जमीन हिसकावली जाते तेव्हा निदान लढता तरी येतं. इथे माणूस आपल्या केळीला आळं करत राहिला आणि तिकडे जमीन गेलेली होती.

त्याच सुमाराला बेनी आजारी पडले. माबो कुटुंबाला घेऊन भेटायला निघाले. बेटावर उतरायला परवानगी लागत होती, ती नाकारली गेली. चळवळ्या म्हणून त्यांचं नाव झालं होतं. काही आठवड्यांनी बेनी गेले. बापाची शेवटची भेट झाली नाही, आणि ही सल माबोंनी कधी लपवली नाही.

१९८१ मध्ये विद्यापीठात जमिनीच्या हक्कांवर परिषद भरली. माबोंनी तिथे मेरवर जमीन कशी वाटली जाते, वारसा कसा चालतो, हे सांगितलं. ऐकणाऱ्यांत वकील होते. कोर्टात जायचं ठरलं. २० मे १९८२ रोजी पाच जणांच्या नावे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात दावा दाखल झाला. एडी माबो, सॅम पासी, फादर डेव्हिड पासी, जेम्स राइस आणि सेलुइया साली. आपल्याकडे हायकोर्ट म्हटलं की राज्याचं, तिथे ते देशाचं सर्वोच्च न्यायालय. रॉन कॅस्टन, ब्रायन कीऑन-कोहेन, ग्रेग मॅकिंटायर हे त्यांचे वकील. दहा वर्षं हे लोक या एका दाव्यात राहिले.

क्वीन्सलँड सरकारने १९८५ मध्ये एक छोटा कायदा करून टाकला. १८७९ मध्ये बेटं जोडली गेली तेव्हाच तिथले आधीचे सगळे हक्क संपले होते आणि त्याची भरपाई द्यायची नाही, असं त्यात घोषित केलं. दावा चालू असताना पायाखालची जमीनच काढून घ्यायची ही तऱ्हा. त्याविरुद्ध परत हायकोर्ट. ८ डिसेंबर १९८८ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी कोर्टाने सांगितलं की हा कायदा देशाच्या १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याशी विसंगत आहे, सबब चालणार नाही. एका न्यायमूर्तींचं मत इकडचं तिकडे झालं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मुख्य प्रश्न मात्र जमिनीवर उतरून तपासायचा होता. मेरवर खरंच अशी व्यवस्था होती का? हे काम क्वीन्सलँडचे न्यायमूर्ती मॉयनिहान यांच्याकडे आलं. १९८९ च्या मे महिन्यात कोर्ट बेटावर गेलं. न्यायमूर्ती, वकील, कारकून बागांतून हिंडले, हद्दी पाहिल्या. तो प्रसंग मी कितीदा तरी मनाशी रंगवला आहे. सरकारी कोर्ट मेरेवर उभं आहे आणि मालक बोट करून सांगतो आहे, तो खडक, ते झाड, तिथून खाली समुद्रापर्यंत.

अडचण अशी की असा मालक जे सांगतो ते सगळं ऐकलेलं असतं. हे मला बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. इंग्रजी पुराव्याच्या कायद्यात ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही. माबो साक्षीला उभे राहिले की राज्याचे वकील वारंवार हरकत घेत: ऐकीव, ऐकीव. ज्या समाजाचं सगळं ज्ञान तोंडातून कानात आणि कानातून तोंडात जातं, त्याच्या माणसाने काय करावं? एक जुना कागद होता. १८९८ मध्ये केंब्रिजहून हॅडन नावाच्या शास्त्रज्ञाची मोहीम मेरवर आली होती. तिने तिथल्या घराण्यांच्या वंशावळी, रीतिरिवाज, जमिनीचे नियम लिहून ठेवले होते. तेच ग्रंथ आता पुरावा झाले. आजोबाचं म्हणणं नातवाने सांगितलं तर ऐकीव, आणि तेच एका परक्याने ऐकून छापलं तर दस्तऐवज. वाचताना माझा जीव नुसता तडफडला.

१६ नोव्हेंबर १९९० रोजी मॉयनिहान यांचे निष्कर्ष आले. मेरच्या लोकांचं जमिनीशी घट्ट नातं आहे, हद्दी माहीत आहेत, पाळल्या जातात, वारसा चालतो, हे त्यांनी नोंदवलं. पण एडी माबोंच्या स्वतःच्या साक्षीवर त्यांचा विश्वास बसला नाही. बेनी माबोंचा दत्तक मुलगा म्हणून त्यांनी सांगितलेला वारसा न्यायमूर्तींनी धरला नाही. ज्यांच्या नावाने खटला चालला होता त्यांचाच वैयक्तिक दावा बाजूला पडला.

दत्तक नामंजूर. हे दोन शब्द मराठी माणसाच्या हाडात आहेत. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी घेतलेला दत्तक नाकारून डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला, पुढे झाशी. शाळेत आपण हे राजेरजवाड्यांचं म्हणून शिकतो. माझ्यासाठी ते आमच्या ओटीवरचं आहे.

माझे आजोबा दत्तक होते. साधारण १९३७ साल असेल. ते पाच वर्षांचे असताना त्यांच्या निपुत्रिक चुलत्याने त्यांना घेतलं. देवाला गाऱ्हाणं घातलं, वाडीत साखर वाटली, झालं. चुलता लवकर वारला, पणजीने त्यांना वाढवलं, लग्न करून दिलं, तिच्या म्हातारपणी त्यांनी तिचं सगळं केलं. ती गेली आणि वारस लावायची वेळ आली, तेव्हा भावकीतल्या काहींनी विचारलं, दत्तकाचा कागद कुठे आहे? कागद नव्हता. जुन्या हिंदू रिवाजात तो लागतही नव्हता, देणं-घेणं चारचौघांत झालं की पुरे. पण पंचेचाळीस वर्षांनंतर ते चारचौघे कुठून आणायचे? दावा लागला, तारखा पडल्या, शेवटी तडजोड झाली आणि वायंगणातला कुणगा गेला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्यानंतर आजोबा त्या कुणग्याच्या मेरेवर कधी चढले नाहीत. वळसा पडला तरी खालच्या वाटेने जायचे. नावं म्हणून घेताना मात्र वायंगणातला कुणगा ते गाळत नसत. आम्ही विचारलं तर एवढंच म्हणायचे, "नाव गेला नाय."

माबोंना त्या निकालाने काय वाटलं असेल, ते मला म्हणून थोडंफार कळतं. एक तुकडा जमीन गेली तर माणूस सावरतो. तू ज्याला बाप म्हणतोस त्याचा तू कोणी नव्हेस, हे न्यायाच्या खुर्चीवरून ऐकणं वेगळं असतं.

वकिलांपुढे मोठा पेच होता. माबोंच्या वैयक्तिक दाव्यासाठी अपील करत बसायचं, की सगळ्या मेरियम, म्हणजे मेरच्या, लोकांच्या हक्काचा मुद्दा पुढे न्यायचा? दुसरी वाट धरली. पाचांपैकी सेलुइया साली मधेच वारल्या होत्या, सॅम पासी बाहेर पडले होते. माबोंचे तुकडे आता वादात नव्हते. तरी खटला त्यांच्याच नावाने पुढे गेला आणि ते त्याच्यासोबत राहिले. बेटावर त्यांच्याशी न पटणारे लोक होते, याला आपल्याच बागा हव्यात असं म्हणणारे होते. माणूस सोपा नव्हता. हट्टी होता, पटकन पेटायचा, भांडून मोकळा व्हायचा. मला हे लपवावंसं वाटत नाही. सोपा माणूस दहा वर्षं राज्य सरकारशी लढत नाही.

२१ जानेवारी १९९२ रोजी एडी माबो ब्रिस्बेनला कर्करोगाने गेले. वय पंचावन्न. निकाल पाच महिन्यांवर होता.

३ जून १९९२. सहा विरुद्ध एक. ही भूमी कुणाची नव्हती या समजुतीवर उभा असलेला कायदा ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने मोडीत काढला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मुख्य निकाल लिहिला. त्यात म्हटलं की राजसत्ता आली म्हणून आधीच्या लोकांचा जमिनीवरचा हक्क आपोआप संपत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या रिवाजातून येतो आणि देशाच्या कायद्याने तो ओळखायला हवा. आणि मेरबद्दलचं वाक्य असं: मेरियम लोकांना मरी बेटांच्या जमिनीचा ताबा, वहिवाट, वापर आणि उपभोग यांचा अवघ्या जगाविरुद्ध हक्क आहे. अवघ्या जगाविरुद्ध! कायद्याची ठरलेली भाषा आहे ती, वकिलांना तिचं काही वाटत नाही. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. तीन किलोमीटरही लांब नसलेलं बेट, आणि समोर अवघं जग.

पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, संसदेने त्यावर कायदा केला. त्याने सगळं मिळालं असं मुळीच नाही. जिथे सरकारने जमीन खासगी मालकीची करून विकली, तिथे मूळ हक्क संपलेला धरला जातो; शहरं आणि बरीचशी शेतजमीन त्यातच जाते. शिवाय सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर. मरी नदीच्या खोऱ्यातल्या (नदी वेगळी, बेटाशी तिचा संबंध नाही) योर्टा योर्टा लोकांना १९९८ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की इतिहासाच्या भरतीने तुमचा हक्क वाहून गेला. त्या निकालात हयात वृद्धांच्या सांगण्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराच्या लिखाणाला जास्त वजन मिळालं. २००२ मध्ये हायकोर्टानेही ते कायम केलं. ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त हिसकावलं गेलं, त्यांनाच सातत्य दाखवता येत नाही म्हणून कमी मिळतं. ही गाठ अजून सुटलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी गडचिरोलीत आठवडाभर एका ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क दाव्यासाठी लिखापढी करायला गेले होते. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे प्रस्तावनेतच मान्य केलं आहे, आणि २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे. त्या यादीत एक ओळ आहे: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं सांगणं, लिहून घेतलेलं. सांगणं, हाही पुरावा. मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, देशात अगदी पहिल्यांत. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. मी गेले होते ते गाव दुसरं. एक आजोबा पडवीत बसून हद्द सांगत होते आणि मी लिहीत होते. मोहाचं झाड, नाला, देवाची जागा, टेकडीचा सोंड, परत नाला. मधेच ते थांबले, माझ्या वहीकडे पाहिलं आणि विचारलं, लिहिलंस का? मी वाचून दाखवलं. एका ठिकाणी नाल्याच्या अलीकडचं पलीकडे झालं होतं. त्यांनी मला परत पहिल्यापासून लिहायला लावलं.

तेव्हा माबोंचं नावही मला माहीत नव्हतं. आता वाटतं, हे माहीत असतं तर ती वही मी अधिक नीट धरली असती.

टॉरेसच्या रिवाजाप्रमाणे माणूस गेल्यावर काही वर्षांनी थडग्याचा दगड उघडतात, आणि तो आनंदाचा सोहळा असतो, कारण शोक तिथे संपतो. ३ जून १९९५ रोजी, निकालाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, टाउन्सव्हिलला माबोंचा दगड उघडला गेला. त्याच रात्री कुणीतरी त्यावर लाल रंगाने नाझी स्वस्तिकं आणि शिव्या रंगवल्या, त्यांचा धातूचा मुखवटा उखडून नेला. घरच्यांनी ठरवलं, इथे नको. सप्टेंबरमध्ये त्यांना मेरवर नेलं आणि लासला, जन्मल्या वाडीत, पुरलं. बेटाने अनेक दशकांत झाला नव्हता असा मालोचा पवित्र नाच त्यांच्यासाठी केला. ज्या बेटावर बापाला शेवटचं भेटायला उतरू दिलं नव्हतं, तिथे.

बोनिटा पुढे सव्वीस वर्षं जगल्या. ऊसमळ्यांवर आणलेल्या आपल्या लोकांच्या इतिहासासाठी बोलत राहिल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच जेम्स कुक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

आणि २०२० मध्ये क्वीन्सलँडच्या विधानसभेने आणखी एक कायदा केला. टॉरेसच्या बेटांवर मूल दुसऱ्या घरी देण्या-घेण्याची जी जुनी रीत आहे, तिला आता राज्याचा कायदा ओळखतो. ज्या घरी मूल गेलं त्या घरच्या नावाचा जन्मदाखला त्याला मिळू शकतो. या कायद्याला नाव बेटांच्याच भाषांतलं आहे, मेरिबा ओमास्कर काझिव काझिपा, आपल्या लेकरांच्या लेकरांसाठी. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून आजोबांचा फोटो भिंतीवरून खाली काढला, पुसला आणि परत लावला. दुसरं काय करावं ते सुचेना.

यंदा मे महिन्यात गावी गेले तेव्हा खालच्या वाडीतल्या एका आजीकडे गेले. नव्वदी कधीच ओलांडलेली, डोळे गेलेले, पण कान आणि आठवण लख्ख. आजोबांच्या दत्तकाच्या वेळी ती पाच-सहा वर्षांची असणार, असा मी हिशेब केला होता. कोर्टात कुणी तिला विचारायला गेलं नव्हतं. मी वही काढली आणि विचारलं, आजी, त्या दिवशीची साखर आठवते?

"माका आठवता ना गे," ती म्हणाली आणि आपला तळहात उघडून माझ्यापुढे धरला. "तुझ्या पणजीन पदरातली साकर हातार घातल्यान. मी थंयच चाटलंय, आनी परत हात फुडे केलंय. परत घातल्यान."